सतरा पाचा पंच्याऐंशी

आमची शाळा पुण्यात टिंगरेनगरात होती, पत्र्याच्या छपराची. लोहगावच्या धावपट्टीवरून विमान उठलं की पत्रे थरथरत. बाई पाढे म्हणून घेत असत. 'सतरा पाचा पंच्याऐंशी'पर्यंत आलं आणि आवाज झाला, की त्या नुसता हात वर करत. वर्ग गप्प. विमान गेलं की हात खाली, आणि चाळीस पोरं एका सुरात 'सतरा सक'पासून पुढे. कुणी पुन्हा एकेपासून सुरुवात केल्याचं मला आठवत नाही.

1987 मध्ये मी चौथीत होते. त्या वर्षी लोहगावला मिग-29 लढाऊ विमानं आली आणि बाईंचा हात जास्त वेळ वर राहू लागला. घरोघरी वैताग. खरं तर लोहगावचा हा हवाई तळ 1939 चा, मुंबईच्या संरक्षणासाठी इंग्रजांनी उभारलेला. आमच्या वसाहती त्याला येऊन बिलगल्या त्या नंतर. पण तक्रार कायम आमचीच! 2002 मध्ये सुखोई-30 एमकेआय आलं, तेव्हा ती आणखी वाढली. फक्त 2009 च्या नोव्हेंबरात तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील चौऱ्याहत्तराव्या वर्षी इथूनच सुखोईत बसून उडाल्या, त्या दिवशी आमच्या सोसायटीतल्या एकाही आजीने कानांवर हात ठेवले नाहीत.

त्याच सुमारास मी शिक्षिका म्हणून मुलांना घेऊन तळ बघायला गेले. विमानं आवाजाशिवाय उभी असलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. एक तरुण अधिकारी माहिती देत होता. दुंडीगलच्या अकादमीत 'दीपक' या छोट्या विमानावर पहिले धडे, मग किरण, मग बीदरला हॉक, असा त्याचा प्रवास. सुखोई जोरात वळलं की अंगावर नऊपट वजन येतं, म्हणाला. मुलांनी लगेच आपापली वजनं धरून हिशेब सुरू केला. 'तीस नव्वे दोनशे सत्तर,' आमचा एक किडमिडीत पोरगा ओरडला आणि स्वतःच घाबरला.

मग त्या अधिकाऱ्याने जे दाखवलं ते मी विसरलेले नाही. साध्या खुर्चीवर बसून त्याने डोळे मिटले आणि हात हवेत फिरू लागले. डावीकडे, वर, गुडघ्याजवळ, पुन्हा वर. ओठ पुटपुटत होते. कॉकपिटमध्ये धूर भरला, दिवे गेले, तरी प्रत्येक बटण हाताला सापडलं पाहिजे, म्हणून डोळे बांधून हा सराव करून घेतात. आमच्या पाढ्यांचीच ती चाल होती. एका मुलीने विचारलं, 'सर, म्हणताना मध्येच कुणी बोललं तर?'

'तर पुन्हा पहिल्यापासून.'

मला बाईंचा वर गेलेला हात आठवला. आम्ही राहिलो तिथून पुढे जायचो. इथे ती सवलत नव्हती.

2021 च्या ऑक्टोबरात दुरुस्तीसाठी धावपट्टी चौदा दिवस बंद होती. माझे तास ऑनलाइन चालू होते. एरवी आवाज आला की मी माइक बंद करायचे. त्या दिवसांत आवाजच नव्हता, तरी बोट अधूनमधून माइककडे जायचं.

तळाच्या त्या भेटीत मी निघताना त्या अधिकाऱ्याला विचारलं होतं, सगळ्यात भीती कशाची वाटते? मला वाटलं, शत्रूचं नाव घेईल. तो म्हणाला, 'घारींची.' इंजिनात एक घार गेली तरी पुरे. आणि घारी येतात त्या उघड्यावर पडलेल्या मांसासाठी. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत असा कचरा टाकायला 1937 च्या विमान नियमांतच बंदी आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या ढिगावर मात्र आज सकाळीही सात घारी होत्या. मी मोजल्या. डोळे मिटून सगळी बटणं शोधणाऱ्या त्या मुलाला ही घार कुठल्या सरावात सापडणार?

तेव्हा धानोरी, कळस, लोहगाव, टिंगरेनगरच्या मंडळींनो, कोंबडीची आतडी आणि हाडं पिशवीत घट्ट बांधा आणि घंटागाडीतच द्या.