पंचहौदातला चहा

एक कप चहा प्यायला किती वेळ लागतो? फार तर पाच-सात मिनिटं. माझ्यासारखा बशीत ओतून फुर्र करणारा असेल, तर आणखी कमी. पण आपल्या पुण्यात एकदा असा चहा झाला, की तो पिऊन झाल्यावर दोन वर्षं झाली तरी त्याचं प्रकरण मिटेना!

पुण्याच्या गुरुवार पेठेत पवित्र नाम देवालय नावाचं चर्च आहे. त्याचा उंच मनोरा लांबूनही दिसतो. हा भाग पंचहौद म्हणून ओळखला जातो. त्या बाजूला गेलो की मला तो चहा हमखास आठवतो.

साल होतं १८९०, महिना ऑक्टोबर. पंचहौद मिशनमध्ये एक सभा भरली. पुण्यातली मोठमोठी मंडळी आली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि टिळकही होते. हा बेत जमवून आणला होता गोपाळराव जोशी यांनी. गोपाळराव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशींचे यजमान. आनंदीबाई तीन वर्षांपूर्वीच, १८८७ साली वारल्या होत्या. गोपाळराव मोठे वल्ली! समाजाची गंमत करायची आणि बाजूला उभं राहून बघायचं, असा त्यांचा खाक्या. भाषणं झाली, मग चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्यायला, कुणी नुसताच कप हातात धरला, कुणी तसाच खाली ठेवला. मंडळी घरोघर गेली. आणि मग काय, गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली!

झालं. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडचा चहा! धर्म बुडाला म्हणून ओरड सुरू झाली. तक्रार थेट शंकराचार्यांपर्यंत गेली. त्यांनी चौकशीसाठी शास्त्रीमंडळी नेमली आणि रीतसर चौकशी झाली. विद्वान माणसं समोरासमोर बसून काय ठरवत होती, तर कुणाच्या घशाखाली चहा उतरला आणि कुणाच्या नाही!

आता तुम्हीच सांगा, त्या चहाने कुणाचं काय बिघडलं? कुणाचं काही चोरीला गेलं? कुणाला लागलं, खुपलं? मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे आणि मला एकही माणूस सापडत नाही. अपराध असा की ज्यात कुणाचं नुकसानच नाही. शिक्षेने मात्र पुष्कळांचं नुकसान झालं.

शिक्षा होती बहिष्काराची. वाळीत टाकायचं. अशा भांडणाला तेव्हा 'ग्रामण्य' म्हणत. वाळीत टाकलेल्याच्या पंगतीला कुणी बसायचं नाही. त्याच्या घरी मुंज असो, लग्न असो, श्राद्ध असो, भटजीने जायचं नाही. जो जाईल तोही वाळीत. टिळकांसारख्या माणसालाही या बहिष्काराचा त्रास झाला. आपण काशीला जाऊन प्रायश्चित्त घेतलं आहे, असं त्यांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं.

रानडे काही भित्रे नव्हते. मग त्यांनी का घेतलं? त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. ते पुस्तक मोठेपणी जरूर वाचा. रानड्यांच्या एका मित्राच्या घरी या बहिष्कारापायी फार ओढाताण चालली होती. म्हातारे वडील अगदी हैराण झाले होते. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं तर मित्राचीही सुटका होणार होती. म्हणून रानडे तयार झाले. लोकांनी त्यांना पुष्कळ नावं ठेवली. मला मात्र त्यांचा राग येत नाही. मला राग येतो तो ज्यांनी त्या म्हाताऱ्या वडिलांना कोंडीत धरलं त्यांचा.

कारण हा नेम बघा कसा असतो. चहा प्यायला मुलगा आणि झळ लागली बापाला! हे काही एकदाच घडलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा लोकांनी गाठलं त्यांच्या वडिलांना. गोविंदरावांवर इतकं दडपण आलं की १८४९ साली त्यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर पडायला सांगितलं. (याच जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पंचहौदापासून त्यांचा वाडा लांब नाही.) धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवा तरुणीशी लग्न केलं. ते राहत होते पुण्यात, पण बहिष्कार घातला कोकणातल्या मुरुड गावाने. तिथे कोण होतं? त्यांची आई आणि भाऊ. पुढे १९५८ साली याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं. माउली मात्र ते बघायला नव्हती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं जुनं झालं. आणि एकाच धर्मातलं झालं. तसं नाही हं. दाऊदी बोहरा समाजात धर्मगुरूंना माणसाला समाजाबाहेर काढण्याचा अधिकार होता. तसं कुणालाच करता येऊ नये म्हणून मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला. धर्मगुरू सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६२ साली न्यायालयाने तो कायदा रद्द केला. पाच न्यायाधीशांपैकी चौघांचं मत पडलं, की हा धर्माचा आतला कारभार आहे. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळं म्हणाले. तो प्रश्न अजून विझलेला नव्हता, २०२३ मध्ये तो नऊ न्यायाधीशांकडे सोपवला गेला. आपल्या महाराष्ट्रात २०१६ साली विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. कुणाला वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता कायदा उगीच कुणी करतं का? गावोगाव अशी घरं होती, म्हणूनच तो करावा लागला.

असं एक घर मी स्वतः पाहिलेलं आहे. तेव्हा मी सहावीत होतो. कोकणातलं आमचं गाव तुमच्या शाळेपेक्षा फार मोठं नसेल. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई आजारी पडली. गावकीने देवळात कौल लावला. म्हणजे काय, तर देवाच्या पाषाणाला फुलं, कळे चिकटवायचे आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. कौल निघाला की देवी कोपली आहे, बकरा द्या. मुलाच्या वडिलांनी बकरा दिला नाही. ते बायकोला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिला विषमज्वर होता. महिन्याभरात ती बरी होऊन घरी आली, आणि गावकीने त्यांना दंड ठोठावला. देवाचा शब्द मोडला म्हणून! वडील म्हणाले, "देवाचा मोडला असेल तर देव बघेल. तुम्हांला दंड कशाचा?" झालं, घर वाळीत.

आणखी एक सांगतो. कौल देवाचा, हे सगळे म्हणायचे. पण देवाला प्रश्न कुणी विचारला, कोणत्या शब्दांत विचारला, हे कुणी विचारायचं नाही. माझी आई रोज पूजा करायची, संकष्टी कधी चुकवली नाही, पण ती घरात म्हणायची, "देवाला मधे कशाला घालतात मेले!"

गावकीकडे पोलीस नव्हते, तुरुंग नव्हता. होते ते आम्हीच. दुकानदाराने मीठ द्यायचं नाही. गिरणीवाल्याने दळण घ्यायचं नाही. विहिरीवर बायकांनी बोलायचं नाही. वर्गात तो पोरगा बाकावर एकटा. गुरुजींनी एकदा मला त्याच्या शेजारी बसवलं, तर संध्याकाळी आमच्या ओटीवर दोन माणसं हजर! आजोबा त्यांना म्हणाले, "पोराला जागा गुरुजींनी दिलीय, गावकीने नाय." आणि पानाचा डबा पुढे केला.

दळणाचं काम आईने केलं. त्यांचे तांदूळ रात्री आमच्या घरी यायचे आणि सकाळी आमच्या डब्यातून गिरणीवर जायचे. पाच माणसांच्या घराला एवढं पीठ लागत नाही, हे गिरणीवाल्याला काय कळत नसेल? तो काही बोलायचा नाही. एके दिवशी त्याने आईला हळूच सांगितलं, "वहिनी, त्यांना म्हणावं, अंधार पडल्यावर मागच्या दाराने आणत जा." मग ते अंधार पडल्यावर आणू लागले. पावसाळा आला तसे दिवेलागणीला आणू लागले. दिवाळीच्या सुमारास माझा मित्र भर दुपारी, डोक्यावर डबा घेऊन, पुढच्या दाराने गिरणीत शिरला. ओळीत चार बायका उभ्या होत्या. एकीने सरकून त्याला जागा दिली.

वाळीत टाकायला देवाचा कौल लागला होता. तो मागे घ्यायला मात्र देवाला पुन्हा कुणी विचारलं नाही.