छपराखालची माणसं

टोरांटोच्या कार्लटन स्ट्रीटवर पिवळ्या विटांची एक थोराड इमारत आहे. तळमजल्यावर वाणसामानाचं मोठं दुकान. डबाबंद सूप, कडधान्यं वगैरेंच्या रांगांतून जाताना एके ठिकाणी फरशीवर लाल ठिपका दिसतो. नवखा माणूस त्यावरून ट्रॉली ढकलत पुढे जातो. जाणता टोरांटोकर थबकतो. कारण ही ‘मेपल लीफ गार्डन्स’. १९३१ साली सहा महिन्यांच्या आत उभी राहिलेली, १९९९ पर्यंत शहराच्या आइस हॉकी संघाचं घर असलेली. तो ठिपका म्हणजे मैदानाचा मध्य. पंच पक टाकायचे आणि सामना सुरू व्हायचा, ती जागा.

विनिपेगमध्ये नेमकं उलट घडलं. तिथे पोर्टेज अव्हेन्यूवर १९०५ पासून ‘ईटन्स’चं लाल विटांचं अवाढव्य दुकान होतं. १९९९ मध्ये कंपनी बुडाली. पुढे दुकान पाडलं आणि २००४ मध्ये त्या जागी हॉकीचं बंदिस्त स्टेडियम उघडलं. संस्थापक टिमथी ईटन यांचा पुतळा कर्मचाऱ्यांनी १९१९ साली भेट दिला होता. तो आता स्टेडियममध्ये बसला आहे. नशीब उघडावं म्हणून त्याच्या बुटाचं टोक चोळायची पद्धतही त्याच्यासोबत आली. पूर्वी गिऱ्हाइकं चोळायची, आता प्रेक्षक चोळतात.

मैदानाचं दुकान होतं आणि दुकानाचं मैदान. मला याची गंमत वाटायची. बाबांना त्यात गमतीचं काही दिसलं नाही. “जत्रेत कुस्त्या आणि बाजार कधी लांब असतात होय गं?” एवढंच म्हणाले. बाबा कोल्हापूरचे. खासबागेच्या मैदानात दगडी पायऱ्यांवर बसून कुस्त्या बघत मोठे झालेले.

आई गेल्यावर मी त्यांना मिसिसागाला घेऊन आले, ते ऐन जानेवारीत. पहिले तीन आठवडे ते खिडकीतून बाहेरचा बर्फ बघत बसले. बोलायचे ते फक्त परतीच्या तिकिटाबद्दल. इथल्या थंडीत पारावर बसणं नाही, चावडी नाही. रस्त्यावर माणूस दिसतो तो गाडीच्या काचेआड. चार अनोळखी माणसांनी एकत्र यायचं तर डोक्यावर छप्पर आणि आत ऊब हवी. इथल्या शहरांनी अशी मोठी छपरं प्रामुख्याने दोन कामांसाठी बांधली: हॉकी आणि खरेदी. त्यातल्या हॉकीला तिकीट लागतं, आणि ते आमच्यासारख्यांना दर आठवड्याला परवडणारं नाही.

म्हणून ‘स्क्वेअर वन’. १९७३ सालचा हा मॉल आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर. सकाळी गर्दी नसताना तिथे म्हातारी माणसं झपाझप फेऱ्या मारतात. बाबाही मारू लागले. मग एक पंजाबी पाजी भेटले, एक गुजराती काका, आणि नुसत्या हातवाऱ्यांवर मैत्री जमलेले एक चिनी आजोबा. चार फेऱ्या, मग फूड कोर्टात एका कॉफीत दोघं. परतीच्या तिकिटाचा विषय मागे पडला. “मैदानावर जाऊन येतो,” असं सांगून बाबा निघायचे.

पण ही ऊब उसनी आहे. मॉल चौकासारखा दिसला तरी ती कुणाच्या तरी मालकीची जागा. दुसऱ्या एका मॉलमध्ये ही मंडळी बसली असताना रखवालदाराने नम्रपणे सुचवलं की काही घेणार नसाल तर टेबल मोकळं करा. घरी येऊन बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “जत्रेत रिकाम्या खिशाच्या माणसालाही कुणी हाकलत नाही.”

२०२५ च्या जूनपर्यंत ‘हडसन्स बे’ची सगळी दुकानं बंद झाली. १६७० साली स्थापन झालेली कंपनी. देशभरातल्या मॉलमध्ये प्रचंड दालनं एकदम ओस पडली. ‘स्क्वेअर वन’मधलंही. त्या उतरवलेल्या शटरसमोर चौघं म्हातारे उभे होते, मी बाबांना न्यायला गेले तेव्हा. आता इथे काय येणार, यावर वाद रंगला होता. पाजी म्हणाले, जिम. काका म्हणाले, आणखी फ्लॅट. चिनी आजोबांनी खांदे उडवले.

बाबांनी शटरवर हात ठेवून पाहिला. “काहीही घालू देत,” ते म्हणाले, “बसायला दोन बाकं ठेवली म्हणजे झालं.”