मौनाचा अर्थ

मौन म्हणजे संमती, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो आहोत. लग्न जमवणाऱ्या मंडळींपासून सभेच्या अध्यक्षांपर्यंत सर्वांनी या समजुतीवर आपापली कामे उरकून घेतली आहेत. पण मौनाचा अगदी उलटा अर्थ लावणारी एक विद्या आहे, आणि ती मराठीच्या या प्राध्यापकाला शिकवली त्याच्या भाच्याने.

भाचा नाशिकच्या कारखान्यांत यंत्रांना शिस्त लावण्याचे काम करतो. ते नेमके काय, हे माझ्या बहिणीला अजून शेजारणींना सांगता येत नाही. ‘इंजिनिअर आहे’ म्हटले की लोक त्याला घरचा बिघडलेला पंखा दाखवतात. ‘कॉम्प्युटरचे काम करतो’ म्हटले की मोबाइल पुढे करतात. खरे म्हणजे मोटर केव्हा फिरावी आणि केव्हा थांबावी, याचे नियम तो लिहितो.

हे नियम ज्या पेटीत राहतात, तिला पीएलसी म्हणतात. १९६८ साली अमेरिकेत डिक मोर्ले यांनी तिची कल्पना मांडली. त्यापूर्वी हे काम रिले नावाच्या खटक्यांनी भरलेली कपाटे करीत. मोटारीचे मॉडेल बदलले की कपाटातल्या तारा पुन्हा जोडाव्या लागत. तारांची जागा नियमांनी घेतली, पण वायरमनच्या ओळखीची आकृती तशीच राहिली: दोन उभ्या रेषा आणि मध्ये आडवे दांडे. तिला शिडीच म्हणतात. पेटी ही शिडी वरून खाली वाचते आणि पुन्हा वर जाते, एका सेकंदात कितीतरी वेळा!

दसऱ्यानंतर तो वणीला आला, तेव्हा आईला घेऊन आम्ही सप्तशृंगगडावर गेलो. तिच्या गुडघ्यांना मंदिराच्या पायऱ्या झेपत नाहीत. २०१८ साली तिथे फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, पण आईने काही तिच्यात पाऊल टाकले नव्हते.

“दोराला बांधून वर ओढायला मी काय बादली आहे? मध्येच वीज गेली म्हणजे?”

“आजी, वीज गेली की अशा गाड्यांचा ब्रेक सुटत नाही, उलट लागतो,” भाचा म्हणाला. “तो स्प्रिंगने कायम दाबलेला असतो. वीज त्याला फक्त उघडून धरते. लिफ्टचंही तसंच.”

मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, “मामा, यंत्रावरचं थांबवायचं लाल बटण पाहिलंत ना? त्यातून प्रवाह सतत वाहत असतो. बटण दाबलं की तो तुटतो. उंदरानं तार कुरतडली तरी तुटतो, आणि यंत्र थांबतं. ‘सगळं ठीक आहे’ हे त्याला क्षणोक्षणी ऐकू यावं लागतं. आमच्यात मौन म्हणजे नकार.”

मी मनातल्या मनात दाद दिली. आईला मात्र एवढ्याने पटले नाही. “आणि कुणी लबाडी केली तर?”

तो जरा थांबला. मग त्याने सांगितले, की एका कारखान्यात प्रेसचा दरवाजा उघडा असला तर प्रेस चालू नये, म्हणून खटका होता. तो सारखा अडे. रात्री दोन वाजता साहेब म्हणाले, “तेवढ्या दोन तारा जोडून टाका, माल अडलाय.” दरवाजाच्या आत कामगाराचा हात जातो. भाच्याने तारा जोडल्या नाहीत. पहाटेपर्यंत बसून खटका नीट केला. पुढचे काम त्या कारखान्याने दुसऱ्याला दिले.

“तुझ्या आईला सांगितलंस?”

“काम गेलं एवढंच सांगितलं.”

आई काठी टेकत उठली. “चला, बसू या. याच्यासारखा कुणीतरी इथंही ‘नाही’ म्हणाला असेल.”

वर अठरा हातांच्या देवीसमोर ती बराच वेळ उभी होती. दानपेटीत तिने दोनदा पैसे टाकले. दुसऱ्यांदा कोणासाठी, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “ज्याला आपण पाहिलं नाही, त्याच्यासाठी.”