पदक मुलांचे, हट्ट कुणाचा?

आपल्या मुलाने नाव काढावे असे कोणत्या आईबापाला वाटत नाही? ज्यांना परिस्थितीमुळे शाळा सोडावी लागली, मैदानावर पाऊल टाकता आले नाही, त्यांना तर ते जास्तच वाटते. त्यात गैर काहीच नाही. पण नाव काढायचे मुलाने आणि हट्ट मात्र आईबापाचा, असे झाले की काय होते, याचा घराघरांतून विचार व्हावा म्हणून हे चार शब्द.

१९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच ऑलिंपिकमध्ये इराणकडून इमॅन्युएल आगासी नावाचा मुष्टियोद्धाही उतरला होता. त्याला पदक मिळाले नाही. पुढे तो अमेरिकेत गेला, लास वेगासच्या जुगारघरात नोकरीला लागला. आपल्या हातून राहिले ते मुलांकडून करून घ्यायचे, असे त्याने ठरवले. टेनिस जगज्जेता आंद्रे आगासी हा त्याचा धाकटा मुलगा.

बापाने घराच्या अंगणात टेनिसचे मैदान केले, चेंडू फेकणारे यंत्र आणून उंचावर बसवले. लहानग्या आंद्रेने दररोज अडीच हजार चेंडू मारायचे. वर्षाला दहा लाख चेंडू मारणाऱ्या पोराला कोण हरवणार, असा बापाचा हिशोब. तेराव्या वर्षी पोराला घरापासून दूर फ्लोरिडाच्या प्रशिक्षण केंद्रात धाडले. शाळा नववीतच सुटली. हिशोब खरा ठरला! १९९२ साली आंद्रेने विंबल्डन जिंकले. त्याने आनंदाने घरी फोन केला, तर बाप म्हणाला की चौथा सेट हरायचे तुला काही कारण नव्हते.

याच आंद्रेने २००९ साली आत्मचरित्रात लिहिले की, मला टेनिसचा मनापासून तिटकारा होता. आठ मोठी अजिंक्यपदे मिळवणारा माणूस हे लिहितो! जगाने टाळ्या वाजवल्या, पण हे तुला हवे होते का, असे त्याला लहानपणी कुणी विचारले नव्हते.

हे लास वेगासचे झाले. आमची दुधनी म्हणजे कर्नाटकाच्या सीमेवरचे, तुरीच्या बाजारपेठेचे गाव. इथे पहाटे रस्त्यावर पोरेपोरी पळताना दिसतात. कुणाला पोलीस भरतीची ओढ, कुणाचा डोळा खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणावर. त्यातलीच एक मुलगी आमच्या ओळखीची. शर्यतीत तिने बरीच बक्षिसे मिळवली आहेत. एकदा आम्ही तिचे कौतुक केले तर ती खाली मान घालून म्हणाली, "काका, पळायला मला आवडायचं. आता बाबा घड्याळ घेऊन उभे राहिले की पोटात गोळा येतो." मग सांगत का नाहीस, असे विचारल्यावर म्हणाली, "कसं सांगू? माझ्या बुटांसाठी त्यांनी चहा सोडलाय."

तिचे वडील हमाली करतात. आम्ही त्यांच्याशी बोललो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्हाला कुणी असं ढकललं असतं तर आज पाठीवर पोतं नसतं."

वाचकहो, या बोलण्यात खोटे काय आहे? ज्याच्या घरी चार पिढ्यांची पुंजी आहे, त्याच्या मुलाला आवडनिवड शोधायला सवड असते. आपल्याकडे एक संधी हुकली की दुसरी कधी येईल याचा भरवसा नसतो. म्हणून आम्ही त्या बापाला दोष देणार नाही. पण त्या मुलीच्या पोटातला गोळाही तितकाच खरा आहे. बापाच्या त्यागाचे ओझे पोरीच्या पायात आले, तर ती पळणार किती दिवस?

खाशाबांच्या घरात कुस्ती होतीच, वडीलही पैलवान. पण हेलसिंकीच्या निवडीत डावलले गेले तेव्हा दाद मागायला ते स्वतः उभे राहिले. जाण्याची धग त्यांची होती, म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून दिलेले ७,००० रुपये सार्थकी लागले. मुलाची धग ओळखून मागे उभे राहणे याला पाठबळ म्हणतात. धग नसताना पुढे रेटणे ही जबरदस्ती झाली.

आगासीची गोष्टही इथे संपत नाही. १९९७ साली तो १४१ व्या क्रमांकापर्यंत घसरला. तेव्हा खेळ सोडण्याची मोकळीक असूनही त्याने स्वतः ठरवले की खेळायचे. १९९९ साली त्याने फ्रेंच स्पर्धा जिंकली. ज्याची शाळा नववीत सुटली, त्यानेच २००१ साली लास वेगासच्या गरीब वस्तीत मुलांसाठी शाळा उघडली. खेळ तोच होता, पण आता तो त्याने निवडलेला होता.

तेव्हा आमचे समाजातील आईबापांना एवढेच सांगणे आहे. मुलांना मैदानावर जरूर न्या, पण त्यासाठी शाळा सोडवू नका. हरून आलेल्या मुलाला आधी जेवायला वाढा, चुका उद्या सांगा. आणि वर्षातून एकदा तरी जवळ बसवून विचारा, "तुला हे करायचंय का?" उत्तर 'नाही' आले तरी ऐकण्याची तयारी ठेवा. 'नाही' म्हटल्यावरही घरातली आपली जागा जात नाही, हे ज्या मुलाला ठाऊक असते, तेच मूल मनापासून 'हो' म्हणते.