रानात हरवायचं शिल्प

चि. ईशा,


तुझ्या कोलाजचे फोटो पाहिले. कास पठार लगेच ओळखू येतं, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. जांभळा कागद म्हणजे फुलं, काळा म्हणजे कातळ! निसर्गावरून काम करायचं तर एकदा शिल्पकार हान्स आर्पकडे नीट बघ.

हा १८८६ साली स्ट्रासबुर्गमध्ये जन्मला, पहिल्या महायुद्धात स्वित्झर्लंडला आला. तिथे आस्कोनाला, माज्जोरे तलावाच्या काठी, मोडक्या फांद्या, मुळं, गवत, गोटे शाईने रेखाटायचा. काढता काढता त्यातली फांदी गेली, उरला एक फुगीर, लंबगोल, हलता आकार. पुढे जन्मभर तो आकार त्याला पुरला. प्लास्टर ओतायचं, घासायचं, पुन्हा थर चढवायचा. बघणाऱ्याला त्यात कधी कळी दिसते, कधी कंबर, आणि दोन्ही बरोबर.

१९३२ साली त्याने तीन सुटे आकार एकावर एक ठेवून एक शिल्प केलं. नाव, ‘रानात हरवण्यासाठी शिल्प’. पॅरिसजवळ मदोंच्या रानालगत तो राहायचा, त्याची चित्रकार बायको सोफी टॉयबर हिने आराखडा केलेल्या घरात. त्या शिल्पाची ब्राँझ प्रत आता लंडनच्या टेटमध्ये आहे. हरवायचं राहूनच गेलं बिचाऱ्याचं.

कोलाजची गोष्ट मात्र तुझ्या कामाची. सुरुवातीला तो आणि सोफी कातरीसुद्धा टाळत. हाताची खूण नको म्हणून कागद यंत्राने कापत. त्याचा १९१६-१७ चा एक प्रसिद्ध कोलाज न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये आहे. कागदाचे चौकोन वरून टाकले आणि पडले तिथे चिकटवले, अशी त्याची कथा. मला ती पटत नाही. एकमेकांना सांभाळून पडण्याइतका शहाणपणा कागदात नसतो.

पण पुढे ते जुने कागद पिवळे पडले, डागाळले, सुटले. दुसरा कुणी दुरुस्त करत बसला असता. आर्पने १९३० च्या सुमारास कागद स्वतःच फाडायला घेतले आणि वेडीवाकडी कड, डिंकाचा डाग, सगळं चित्रात राहू दिलं. झिजणं हासुद्धा निसर्गच, असं त्याने धरलं. तलावाकाठच्या रेखाटनांपेक्षा इथे तो निसर्गाच्या जास्त जवळ गेला, असं माझं मत.

जानेवारी १९४३ मध्ये झुरिचला सोफी गेली, खोलीतल्या शेगडीच्या विषारी वायूने. त्यानंतर त्याचं काम बराच काळ थंडावलं. १९३९ मध्ये दोघांनी मिळून केलेली काही रेखाटनं होती. १९४७ साली त्याने त्यातली काही फाडली आणि तुकडे नव्याने चिकटवले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. आता वाटतं, तिच्याबरोबर काम करत राहायचा तेवढाच मार्ग त्याच्याकडे उरला होता.

पुढचं काम लगेच फ्रेमवाल्याकडे देऊ नकोस. पावसाळाभर भिंतीवर उघडं राहू दे. कुठे फुगतं, कुठे सुटतं, ते मला कळव. आईला सांग, रविवारी फोन करते.

तुझी,
मावशी