बावीस पायऱ्या

वीस वर्षे मी मुलांच्या परीक्षा घेत आलो आहे. पण माझीच परीक्षा घ्यायला कोणी समोर बसले, की मला अजून घाम फुटतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. आता त्याला दहावी म्हणतात. पण आमच्या आजोबांनी तो शब्द घरात इतक्या आदराने रुळवला होता, की मीही स्वतःला मॅट्रिकच म्हणवतो. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, शाळेत चित्रकला शिकवू लागलो आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहू लागलो. कॉलेजची पायरी मात्र चढलो नाही. त्यामुळे विद्यापीठातले चार विद्यार्थी आमच्या गावच्या वाचनालयाला सल्ला द्यायला येणार, असे पत्र आले, तेव्हा चिटणीस या नात्याने ते सभेत वाचून दाखवताना माझा आवाज थोडा कापला.

"सल्ला? आणि ही पोरं देणार?" अध्यक्ष म्हणाले. "यांनी आयुष्यात कधी वर्गणीची पावती तरी फाडली आहे का?"

"पैसे किती घेणार?" खजिनदारांनी विचारले.

"काही नाही. त्यांना त्याचे गुण मिळतात."

"मग येऊ द्या की!" खजिनदार म्हणाले, आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

मागाहून चौकशी केली, तेव्हा कळले की ही रीत काही आजची नव्हे. मुंबईला १९३६ साली टाटांची समाजकार्याची संस्था निघाली. निरनिराळ्या संस्थांतून प्रत्यक्ष काम करणे हा तिथे अभ्यासाचाच भाग असतो. मुंबईच्या आयआयटीत १९८५ साली ग्रामीण भागाला उपयोगी पडणाऱ्या तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. तिथली मुले खेड्यापाड्यांतल्या पाण्याच्या योजना अभ्यासतात. २०१६ साली राज्य शासनाने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' हाती घेतले आणि महाविद्यालयांना आपापल्या भागातल्या प्रश्नांशी जोडायचे ठरवले. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर पदवीच्या अभ्यासक्रमात अशा कामाला रीतसर जागा मिळाली. म्हणजे आम्हीच मागे होतो म्हणायचे!

गेल्या वर्षीच्या श्रावणातल्या एका ओल्या दुपारी चौघे आले. दोन मुली, दोन मुलगे. व्यवस्थापनशास्त्राचे विद्यार्थी. त्यांतली जाड चष्म्याची मुलगी त्यांची पुढारी असावी. छत्री दाराशी ठेवून तिने वही उघडली आणि विचारले, "सर, तुमच्या संस्थेची अडचण काय आहे?"

अडचण आम्हांला तोंडपाठ होती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग लावून अनुदान देण्याची पद्धत पडली. पुस्तके किती, सभासद किती, असे पाहून वर्ग ठरतो. आमचे सभासद तर दरसाल गळत चालले होते. असेच चालले तर 'ब'चा 'क' होणार, अनुदान घटणार. आणि त्या अनुदानावर ज्यांची चूल पेटते, त्या आमच्या ग्रंथपालबाईंना काय सांगायचे?

कारणही तोंडपाठ होते. "मोबाइल!" अध्यक्ष म्हणाले. "लोक वाचतच नाहीत हो हल्ली."

मुलीने ते लिहून घेतले. पण त्यावर विश्वास ठेवला नाही. आठवडाभर चौघांनी देवघेवीच्या टेबलाशेजारी बाक टाकला. कोण किती वाजता येतो, काय मागतो, रिकाम्या हाताने किती जण परततात, याच्या रेघा ते वहीत ओढत बसत. मग जुन्या नोंदवह्यांतून त्यांनी नाव काढून घेतलेल्या सभासदांची यादी केली आणि भर पावसात अशा ५८ घरी जाऊन आले. कुठे चहा मिळाला, कुठे दारातूनच वाटेला लावले गेले.

एकदा त्या मुलीने कपाटातून एक पुस्तक काढून माझ्यापुढे धरले. "सर, हे तुमचंच ना?" आतल्या चिठ्ठीवर तारखेचा शेवटचा शिक्का २०१७ सालचा होता. ती काही बोलली नाही. मीही मोबाइलचे नाव काढले नाही.

महिन्याने त्यांनी सभेपुढे आपले म्हणणे मांडले. ५८ घरांपैकी मोबाइलचे नाव घेणारी घरे ९. वाचनालय संध्याकाळी सातला बंद होते आणि आपण त्यानंतर घरी पोचतो, असे सांगणारी १७; त्यांत नोकरी करणाऱ्या बायका पुष्कळ. आणि २१ घरांनी एकच शब्द सांगितला होता: जिना. आमचे वाचनालय माडीवर आहे. जिना लाकडी, अरुंद आणि उभा. "बावीस पायऱ्या आहेत, सर," मुलगी म्हणाली.

नऊ वर्षे मी तो जिना चढतो आहे. माणसे न्याहाळणे हा कादंबरीकाराचा धंदा, असे मी व्याख्यानांतून सांगतही असतो. पण गुडघे धरून खालच्या पायरीवरूनच मागे फिरलेली माणसे मला कधी दिसली नाहीत. कशी दिसणार? मी वर असे ना!

पुढली सूचना खजिनदारांच्या मनासारखी होती. दुपारी दोन ते चार या वेळात सरासरी तीनच माणसे येतात. तेव्हा ते दोन तास बंद ठेवावेत आणि संध्याकाळी वेळ वाढवावी. मला तर आतून गुदगुल्या झाल्या. हाच ठराव माझ्या खणात वर्षभर लिहून पडला होता. मॅट्रिकचे डोके विद्यापीठाच्या बरोबरीने चालते म्हणायचे! मी जोराने मान डोलावली.

ग्रंथपालबाई दाराशी उभ्या होत्या. सभेत त्या सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "ते तिघं कोण, विचारलंत का?"

मुलीने वहीची पाने मागेपुढे केली. मग वही मिटली. "नाही, बाई. नुसतं मोजलं."

"उद्या दोन वाजता या."

अहवाल छापायला जायचा होता. गुण त्यावर मिळायचे होते, बाईंच्या बोलण्यावर नव्हे. तरी चौघेही आले. माझी शाळा सकाळची, म्हणून मीही गेलो. खिडकीशी एक मुलगी पोलीस भरतीचा अभ्यास करीत होती. घर एका खोलीचे. रात्रपाळीचा भाऊ दुपारी तिथे झोपतो. दुसरे एक म्हातारे शिंपी. नजर गेली, मशीन सुटले. बाई त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतात. आणि हाताला धरून त्यांना जिना चढवून आणणारा एक पोरगा. तो समोरच्या हॉटेलात कपबशा विसळतो. दोन ते चार त्याला सुट्टी. बालविभागातले पुस्तक तो अक्षरावर बोट ठेवून वाचत होता.

त्याला मी ओळखले. पाचवीत माझ्याच वर्गात होता. घोडा फार सुरेख काढायचा. एके दिवशी यायचा थांबला. मी हजेरीपटावर लाल रेघ ओढली आणि पुढल्या नावाकडे वळलो.

"सर, तुम्हीपण येता इथं?" तो आनंदाने म्हणाला. त्याला वाटले, मी वाचायला आलो आहे.

चष्म्याच्या मुलीने त्या दिवशी वहीत एकही रेघ ओढली नाही. शिंपीबुवांच्या हातातले वर्तमानपत्र घेऊन पुढली बातमी तिनेच वाचून दाखवली.

अहवाल आठ दिवस उशिरा आला. कदाचित त्यापायी त्यांचे गुण कापले गेले असतील. मी विचारले, तर चौघे नुसते हसले. दुपारची वेळ तशीच ठेवली होती. तिच्याऐवजी सकाळी आठ ते साडेनऊ बंद ठेवावे, अशी नवी सूचना होती. त्या वेळात, नोंदीप्रमाणे, अध्यक्ष आणि त्यांचे तीन स्नेही फुकट वर्तमानपत्रे वाचायला येत. अध्यक्षांनी तो परिच्छेद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरं, पेपर मी घरीच लावून घेईन."

जिन्याखालच्या खोलीतली रद्दी विकली आणि देवघेवीचे टेबल खाली आणले. संध्याकाळची वेळ साडेआठपर्यंत वाढवली. जादू काही झाली नाही. ५८ पैकी १९ जण परत आले. 'ब' वर्ग तूर्त टिकून आहे. दुपारी दोनला मी पोचलो, की हॉटेलातला पोरगा बाजूला सरकून जागा करून देतो. धडा वाचून झाला, की आम्ही घोडे काढतो.

जाताना त्या मुलीने माझी ती कादंबरी नेली होती. वसुबारसेच्या दिवशी ती टपालाने परत आली. ग्रंथपालबाईंनी २०१७ च्या खाली नवा शिक्का मारला आणि आतली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. लिहिले होते: "सर, कादंबरी आवडली. पण नायकाची आई दुपारी काय करते, ते कुठेच आलेले नाही."

खाली टेबलापाशी दोन म्हाताऱ्या बायका दिवाळी अंक चाळीत होत्या. मी उभ्याउभ्याच कादंबरीची पाने उलटली. खरेच, कुठे आलेले नव्हते.