जप्त केलेली वही

मी इस्लामपुरात विज्ञान शिकवतो. पोकेमॉन म्हणजे पोरांच्या डोक्यात शिरलेलं खूळ, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. पालकसभेतही ठासून सांगितलं. ते मत आज मी मागे घेतो.

सहावीतल्या एका मुलाची वही मी तासाला जप्त केली होती. शंभर पानी, पानापानावर रंगवलेले पोकेमॉन. न बघताच कपाटात टाकली. माझ्याकडे पुरावाही होता. २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांची एक पाहणी छापून आली होती. आठ वर्षांची मुलं पोकेमॉन जवळजवळ ८० टक्के ओळखत होती, पण आसपासचे खरे प्राणी आणि झाडं जेमतेम निम्मी. हा आकडा मी पालकांना सारखा ऐकवायचो.

पावसाळ्यात शाळेतल्या कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या आल्या. वर्ग बाहेर नेला आणि एका अळीला काडीनं हलकंच डिवचलं. डोक्यामागून तांबूस, दोन फाट्यांचं शिंग बाहेर आलं, उग्र वास सुटला. बाकीची पोरं मागं सरली. वहीवाला मुलगा पुढं आला. “सर, हा तर कॅटरपी पोकेमॉन! त्याचं शिंगपण लाल असतं, वास सोडतं. आता ही कोष करणार, मग फुलपाखरू.”

एक शब्द चुकला नव्हता.

त्या संध्याकाळी मी वही उघडली. पिकाचू. क्रमांक २५. उंची ४० सेंटिमीटर, वजन ६ किलो. राहतो जंगलात, वीज साठवतो गालांत. मग त्याची ताकद, मग कमकुवत बाजू. प्रत्येक पानावर हाच क्रम. निरीक्षणाची नोंद अशी ठेवायची असते, हे शिकवायला मी वर्षानुवर्षं धडपडत होतो, आणि ते करणारी वही माझ्याच कपाटात पडून होती.

मग मी पोकेमॉनच्या व्हिडिओ गेमची माहिती काढली. तो काढणारे सातोशी ताजिरी लहानपणी टोकियोजवळच्या माचिदा गावात किडे गोळा करायचे. शहर वाढलं, तळी बुजली, शेतं गेली, किडेही गेले. शोधण्याचा आणि जमवण्याचा तो आनंद पुढच्या मुलांना मिळावा, म्हणून त्यांनी हा खेळ रचला. तो जपानात २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आला, तेव्हा त्यात १५१ जाती होत्या. आज हजाराच्या वर आहेत. आपल्याकडं तरी वेगळं काय झालं? ऊस बांधापर्यंत आला, बांधावरची झाडं गेली, विहिरी बुजल्या.

ती पाहणीही पुन्हा वाचली. तिचा रोख मुलांवर नव्हताच. मुलांची शिकण्याची ताकद अफाट आहे. निसर्गाची गोडी लावण्यात निसर्ग-संवर्धन करणारेच कमी पडतात, असं तिचं म्हणणं होतं. मी त्यातला सोयीचा आकडा तेवढा उचलला होता.

एक हरकत मात्र आजही आहे. अळीचं फुलपाखरू होण्याला हा खेळ उत्क्रांती म्हणतो. ते रूपांतरण. उत्क्रांतीला पिढ्यान् पिढ्या लागतात. हे मी वर्गात सांगतो आणि पोरं ते लगेच पकडतात.

मी वही परत दिली, वर्गासमोर चूक कबूल केली, आणि सगळ्यांना त्याच पद्धतीनं आपल्या परिसरातल्या जिवांची वही करायला सांगितली. खंड्या, कोतवाल, वेडा राघू, घोरपड, चतुर अशी पानं भरू लागली. त्या मुलानं धामण काढली. राहते उसात. ताकद : उंदीर खाते, विष नाही. कमकुवत बाजू : माणसं नाग समजून मारतात.

इतकं नेमकं वाक्य माझ्या कुठल्याही धड्यात नव्हतं.

शिक्षकांना आणि पालकांना एवढंच सांगणं आहे : पोराच्या हातातली वही काढून घेण्याआधी ती एकदा वाचा.